एक जूनची माणसं

शर्मिलाला तिकिटासाठी गाव विचारावं लागत नसे. माणूस गाडीत चढून नुसता "सरका जरा" म्हणाला, तरी तिचं बोट मशीनवर त्याच्या थांब्याकडे वळलेलं असायचं. कशेडीपलीकडचा खेडवाला वाक्याचं शेपूट जरा ओढतो. बिरवाडीला खोली घेऊन राहणारी कारखान्यातली पोरं पहिला शब्द मराठी बोलतात आणि पुढचे चार हिंदी. मुंबईहून आलेला पोलादपूरकर हायवेवर "अरे यार, सीट है क्या" करतो आणि कापडे फाटा मागे पडला की आपसूक "काय रे, बरा हाय ना?" वर येतो. महाड आगारात कंडक्टर म्हणून नऊ वर्षं काढली होती तिने. तो कान तिने उभं राहून, खांबाला पाठ टेकवून, घाटातल्या वळणांवर कमावलेला होता आणि त्याचा तिला अभिमान होता.

तिचा ड्रायव्हर भागोजी नव्या ड्रायव्हरांना सांगायचा, "आमच्या बाईंना आधार कार्ड लागत नाय. तोंड उघडलंस की गाव कळलं."

खरं तर आधार कार्ड तिच्याइतकं तालुक्यात दुसरं कोणी बघत नसेल. पंचाहत्तरी ओलांडली की एसटीचा प्रवास फुकट, पण कार्डावरची तारीख बघूनच. कुडपणच्या बाजूच्या फेरीला निम्मी गाडी म्हाताऱ्यांचीच. पदराच्या गाठीतून, बनियनच्या खिशातून, प्लास्टिकच्या पिशवीच्या सात घड्यांतून कार्डं निघत आणि शर्मिला प्रत्येक कार्ड बघे. रोजचा माणूस असला तरी बघे. कार्ड विसरलं तर पूर्ण तिकीट, मग तो नात्यातला का असेना. तिच्या सख्ख्या चुलत सासऱ्यांनाही तिने एकदा पूर्ण तिकीट फाडलं होतं. ते वर्षभर तिच्या हातचा चहा प्यायले नाहीत.

कागदाच्या बाबतीत ती अशी कडक का, हे तिला विचारलं तर ती एकवीस सालच्या पुराकडे बोट दाखवी. तेव्हा ती महाडातच राहायची. दोन महिन्यांची दीक्षा उराशी, आणि घरात माणूसभर पाणी. माळ्यावर बसून तिने रात्र काढली. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा शाळेचा दाखला, जातीचा दाखला, लग्नाची नोंद, सगळ्याचा मिळून एक लगदा झाला होता, चिखलाच्या रंगाचा. लेकरू कडेवर घेऊन चार महिने तिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. जिथे जन्मली, शिकली, नोकरीला लागली, त्याच गावात आपण कोण हे सांगायला चार महिने.

"आणि सीमेवरून लपून येणारा माणूस दोन दिवसांत कार्ड काढून हिंडतो," ती भागोजीला म्हणायची. "ते का म्हणून? मी रांगेत उभी राहिले. त्यानंही राहावं."

भागोजी गिअर टाकत नुसतं हुं करायचा.

रस्त्यावरून तिला सगळं दिसत होतं. ज्या वाडीत पूर्वी तीस माणसं उतरायची, तिथे आता तीन उतरतात. कडी घातलेली घरं, पायऱ्यापायऱ्यांची ओस खाचरं, त्यांत वाढलेलं गवत. मधेच एखादं खाचर हिरवंगार, आणि त्यात वाकलेली माणसं कधी न पाहिलेली. कुठल्या राज्यातून आली, कोणी आणली, कोणाला विचारून, काही पत्ता नाही. बिरवाडीत दोनदा पोलीस येऊन खोल्या तपासून गेले होते. इथे डोंगरात कोण तपासतो?

"गाव रिकामं झालं म्हणून कोणीही येऊन भरायचं का हो?"

"मंग कोणी भरायचं?" भागोजी म्हणाला. "माजा एक पोरगा विरारला, एक पनवेलला. तिकडचे लोक काय म्हणत असतील त्यांना?"

"ते कागद घेऊन गेलेत."

"कागद? डबा घेऊन गेले, बाई. डबा."

त्या दिवशी शर्मिला हसली होती. आषाढातली गोष्ट. आणि त्याच फेरीला भोकरवाडीच्या थांब्यावर ती बाई पहिल्यांदा गाडीत चढली.

पंचविशी-तिशीची, काटक, हातात छत्री, कडेवर चारेक वर्षांची मुलगी. पोरीला खाली ठेवून ती म्हणाली, "दिदी, एकटा पोलादपूर."

"एकटा?" शर्मिला म्हणाली. "एकटा कोण? तू बाई, आणि ही पोरगी संगती. एकटी तरी म्हण."

मागच्या सीटवरच्या बायका फिसकन हसल्या. बाईला काही कळलं नाही, पण हसतायत म्हणून तीही हसली आणि एक बोट वर केलं. "एकटा. एक. टिकिट."

शर्मिलाचं बोट मशीनवर थबकलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. हा सूर कुठला? बिहारचा नाही, नेपाळचा नाही. मग तिला आठवलं. टीव्हीवर दाखवत होते ती माणसं, तोंडावर रुमाल बांधून रांगेने बसवलेली, पोलीस काहीतरी विचारतायत आणि एक बाई रडत उत्तर देतेय. त्या बाईचा सूर असाच गोल होता.

गाडीचा शेवटचा थांबा भोकरवाडीच्याच वर, वळणावर. तिथे मुरारीचं दुकान होतं. मुरारी म्हणजे किराणा, चहा, मोबाईलचं रिचार्ज आणि ग्रामपंचायतीचं सदस्यपद, असं सगळं एकाच गल्ल्यामागे. दुसऱ्या दिवशी परतीच्या फेरीआधी चहा पिताना शर्मिलाने सहज विचारलं, "खाली श्रीपतबाबांकडे कोण आणलंय हो नवीन?"

"अरविंदनं आणलंय. त्यांच्या पोरानं. नालासोपाऱ्याला ह्याच्या बिल्डिंगीत गवंडीकाम करत होता तो माणूस. घराची भिंत बांधायला आणला, आता शेतीच बघतो. बायको, पोरगी, सगळं बिऱ्हाड. का हो?"

"बांगलादेशी वाटतात," शर्मिला म्हणाली. "बोलीच सांगते."

"तुमचा कान सांगतो म्हणजे झालंच की!"

तो शब्द तिला गोड लागला, हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं. तेव्हा मात्र चहा संपवला, पुडा बिस्किटांचा पर्समध्ये टाकला आणि डबल बेल देऊन ती खाली निघून गेली.

लावणी झाली, श्रावण लागला. एका सकाळी गीताबाई गाडीत चढली. श्रीपतबाबांची बायको, अठ्ठ्याहत्तरीची, कमरेत वाकलेली पण जिभेने ताठ. तिचा नेम ठरलेला. चढली की आधी शर्मिलाच्या हातात काहीतरी ठेवायचं, तवशाच्या काकडीचं फोडलेलं अर्धुक नाहीतर भाजलेलं कणीस, आणि मग म्हणायचं, "खा गो बाय, उभ्यानं पाय मोडत असतील." आज तिने हातात काहीच ठेवलं नाही. कार्ड काढून पुढे धरलं, अनोळखी माणसासारखं.

"बघ. नीट बघ. खोटं असल."

"असं का बोलता मावशी?"

"मंग कसं बोलू? तू मुरारीला काय सांगितलंस? त्यानं फोनवर सगळ्यांना धाडलं, एसटीच्या बाईंनी सोता वळखलं, हे बांगलादेशी. आता रविवारी गावकी बसणार. सफीकुलला, जोस्नीला घालवा म्हणतात. रात्रभर ती पोरगी रडत व्हती. माजी नव्हे, तिची. नाय, माजीच." गीताबाईने कार्ड ओढून घेतलं. "तुजा कान लय चांगला हाय गो. जिभेचं बघ जरा."

पोलादपूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली.

त्या संध्याकाळी शर्मिला बिरवाडीला घरी आली तेव्हा दीक्षा पडवीत कंडक्टर झाली होती. आईने आणलेली मशीनच्या रिळाची उरलेली शेपटं तिच्या गळ्यात, आणि आजीपुढे हात.

"आजी, तुझं कार्ड दाखव."

"कार्ड नाय गो माझं."

"मग उतर! उतर खाली. डबल बेल देणार नाय मी."

आजी खोटंखोटं रडत पायरी उतरली. शर्मिला दारातच हसली. मग चपला काढता काढता ते हसू कुठेतरी अडकलं. तिने दीक्षाला उचललं, तिच्या केसांत नाक खुपसलं आणि म्हणाली, "आजीला वर घे आधी. भिजतेय ती."

*

रविवारच्या फेरीला गाडी बाराला वर पोचते आणि बारा चाळीसला सुटते. मुरारीने गावकीची वेळ मुद्दाम तीच ठेवली होती. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, गावकरी बसलेले, आणि शर्मिलासाठी मास्तरांची खुर्ची. साक्षीदार म्हणून.

"या बाई, या. तुमच्याशिवाय सुरू केलं नाय," मुरारी म्हणाला.

भागोजीने घड्याळ दाखवलं. "चाळीस मिनटं. नंतर मी हॉर्न देणार, मंग गावकी असो नायतर आमदार असो."

शर्मिला बसली. समोर खांबापाशी सफीकुल उभा होता, हातात टोपीची घडी. बाजूला जोस्ना, गीताबाईच्या गुडघ्याला टेकून, आणि तिच्या मांडीवर ती मुलगी, टुनी. टुनीच्या मुठीत जुन्या तिकिटांचा चुरगळलेला गठ्ठा होता. गाडीत पडलेली तिकिटं ती गोळा करते, हे शर्मिलाने पाहिलं होतं. घरी कोंबड्यांना वाटते म्हणे.

मुरारी उभा राहिला. त्याचं बोलणं अगदीच पोकळ नव्हतं. "माझं कोणाशी वैर नाय. पण माझा भाऊ गवंडी हाय. यंदा वाडीतल्या एकाबी भिंतीचं काम त्याला मिळालं नाय, कारण हे लोक रात्रंदिवस राबतात. ठीक हाय, राबू दे. पण हायत कोण? ठाण्यात नोंद हाय काय? श्रीपतबाबा, केलीत नोंद?"

श्रीपतबाबा सतरंजीच्या कडेला काठी धरून बसले होते. "नाय केली. अरविंद म्हणाला करतो. राहिली."

"राहिली! उद्या काय झालं तर जबाबदार कोण? ह्या बाई रोज शेकडो माणसं बघतात. त्यांनी आवाजावरनं वळखलं. आणि आता हे बघा." त्याने फोन वर धरला. "ह्यांच्या कार्डांचे फोटो. नवऱ्याची जन्मतारीख एक जानेवारी. बायकोची जन्मतारीख? एक जानेवारी! नवरा-बायको दोघंबी वर्षाच्या पयल्या दिवशी जन्मली? कार्डं बनावट हायत, आणखी काय पुरावा पायजे?"

व्हरांड्यात कुजबुज झाली. एकाच तारखेचं म्हटल्यावर जे गप्प होते तेही मान हलवायला लागले.

"तर माझं म्हणणं असं," मुरारी म्हणाला, "आठ दिवसांत ह्यांनी वाडी सोडायची. तोवर गावच्या नळावर पाण्याला यायचं नाय."

श्रीपतबाबा काठीवर जोर देऊन उभे राहिले. त्यांना उभं राहायला वेळ लागतो.

"मुरारी," ते म्हणाले, "बाकीचं बोल. वाडी सोडा म्हण, ठाण्यात चला म्हण. पाण्याचं बोलू नको. महाडचं तळं हितनं लांब नाय. माजा बाप चालत गेला व्हता तिथं."

मुरारीची मान खाली गेली. "तसं नव्हतं म्हणायचं मला, बाबा."

"तसंच व्हतं. म्हणून सांगितलं."

आपल्याच एका शब्दावरून गाडी नळापर्यंत आली. ती महाडची, तिला ते कोणी समजवावं लागत नव्हतं. ती खुर्चीवरून उठली.

"बघू तो फोन," ती म्हणाली.

मुरारीने फोन दिला. तिने रोज बघते तसंच कार्ड बघितलं, नाव, फोटो, तारीख. ०१/०१. आणि खाली ०१/०१. ते आकडे बघताना तिला हसू यायला लागलं. ते ओठात दाबायचा तिने प्रयत्न केला.

"मुरारीभाऊ, तुमच्या आबांची जन्मतारीख काय?"

"आबांची? मला काय ठाऊक."

"मला ठाऊक आहे. एक जून. परवाच बघितली. श्रीपतबाबा, तुमची एक जून. गीतामावशी, तुमची?"

"मला काय वाचता येतंय गो?"

"एक जून. म्हणजे इथेही नवरा-बायको एकाच दिवशी जन्मलेत." ती सतरंजीकडे वळली. "ज्यांच्या कार्डावर एक जून आहे, त्यांनी हात वर करा बघू. लाजू नका. मी सगळ्यांची कार्डं बघितलीत, मला फसवता येणार नाही."

आधी एक म्हातारा हात वर गेला. मग तीन. मग बायकांच्या बाजूने बांगड्या वाजल्या. मग कोणीतरी खिशातून कार्ड काढून डोळ्यांजवळ नेऊन ओरडलं, "आयला, माझंबी!" पाहता पाहता अर्धा व्हरांडा हात वर करून बसला, आणि त्या हातांकडे बघून बाकीचा अर्धा हसायला लागला.

"चांगू मास्तर!" एक आजोबा म्हणाले. "त्या चांगू मास्तरानं केलंय हे. आय विचारायची, कवा झाला ह्यो? आय म्हणायची, भात झोडताना. मास्तर लिवायचा, एक जून. शाळा सुरू व्हायच्या दिवशी सगळी पोरं जन्माला."

"मास्तरानं एका दिवसात अख्खी वाडी जन्माला घातली!" दुसरा म्हणाला, आणि बायका पदरात तोंड लपवून हसल्या.

"मुरारीभाऊ, तुमची?" शर्मिलाने विचारलं.

मुरारीने फोन खिशात टाकला. "बास आता."

"सांग की रे!" मागून आवाज आला.

"एक जून," तो पुटपुटला.

हशा ओसरेपर्यंत शर्मिला थांबली. मग गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. "आणि ही माझी. आई सांगते, मी लावणीत झाले, बांधावर. चिखल होता गुडघाभर. कार्डावर बघा. एक जून. मीसुद्धा बनावट."

सफीकुल तेवढ्यात हळूच बोलला. त्याचं मराठी अजून कच्चं होतं, हिंदी जोडून. "माझी आई सांगते, पूर आला तेव्हा झाला. कोणता पूर, ते नाय ठाऊक, आमच्याकडे दर साल पूर. मशीनवाला बोला, तारीख मालूम नहीं तो एक जनवरी." त्याने टोपीची घडी मोडली. "शाळेचा कागद होता. शाळा नदीत गेली. घर पण गेला."

"घर पण गेलं," गीताबाईने दुरुस्त केलं.

"घर पण गेलं," तो म्हणाला.

शर्मिलाला तिच्या ट्रंकेतला लगदा आठवला. पण तिने तो काढला नाही. कीव करायला ती उभी राहिली नव्हती.

"ऐका माझं," ती म्हणाली, आणि आवाज गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचवते तसा पोचवला. "मी मुरारीभाऊंना बोलले ते कानावर बोलले. नवी बोली ऐकली, टीव्हीवर ऐकलेली वाटली आणि बोलून मोकळी झाले. ती माझी चूक. कानावरून मी थांबा सांगते, देश सांगायला नको होता. पण एक मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. लपूनछपून सीमा ओलांडून आलेला असेल, तर त्याला परत जावं लागेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तरी. मी चार महिने रांगेत उभी होते, मी कोणाला रांग चुकवू देणार नाही. फक्त ते ठरवायचं कोणी? मी नाही. मुरारीभाऊंच्या फोननं नाही. नोंद राहिलीय ना, मग आजच चला पोलादपूरला. ठाण्यात सगळं मांडा. ते यांच्या गावाला विचारतील. खरं असेल ते निघेल."

सफीकुलने मान हलवली. पण ठाणं म्हटल्यावर जोस्नाने टुनीला घट्ट धरलं. ती गीताबाईच्या कानात काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" मुरारीने विचारलं.

"म्हणते, तिघंच गेलो तर तिथंच ठेवून घेतील. कोण वळखतो आमाला?"

बाहेर भागोजीने हॉर्न दिला. एक लांब.

गीताबाई उठली. कमरेवर हात ठेवून तिने सगळ्या सतरंजीवरून नजर फिरवली, एकेका घरावर.

"लावणीची सावड झाली ना रे यंदा?" ती म्हणाली. "माज्या घरचा माणूस तुमच्या खाचरात आला. कोण आलं? मी आलाव काय? बाबा आलं? जोस्नी आली. सोळा घरांच्या लावणीत ह्या पोरीचा हात हाय. तुमीच बोललाव, काय हात गो तिचा, दोन ओळी लावून व्हतात तवर आमची एक. मंग? माजी सावड कोण फेडणार? माजं खाचर तिनंच लावलं, तुमची गरज पडली नाय. आता पडली. मला शेतात कोण नको. गाडीत पायजे. सोळा घरं, सोळा माणसं. चला."

सावडीला नाही म्हणायची रीत त्या वाडीत नाही. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या, आणि ज्याने फेडलं नाही त्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कोणी पाय ठेवत नाही. ज्या आजोबांनी मास्तरांची गोष्ट सांगितली, ते टोपी झटकून उठले. "माजं घर धर. सही करता येत नाय, आंगठा चालंल ना?"

"चालेल," शर्मिला म्हणाली.

"मंग माजाबी." "थांबा, छत्री आनतो." "आये, भात उतरव गो चुलीवरचा, मी पोलादपूरला चाललोय."

दुसरा हॉर्न आला तेव्हा भोकरवाडी गाडीच्या दारात गर्दी करून होती. जोस्ना सगळ्यांत शेवटी चढली, आणि तिच्याही मागून, दुकानाचं शटर ओढून, मुरारी आला.

"तुम्ही कुठे?" शर्मिलाने विचारलं.

"माझ्याबी खाचरात होती ती. दोन दिवस." त्याने वर बघितलं नाही. "आणि फोटो माझ्याकडंच हायत."

"पुढे सरका मग. दांडा धरा."

तिने मागे वळून गाडी बघितली. रविवारच्या या फेरीला सात-आठ डोकी असायची. आज उभं राहायला जागा नव्हती. म्हातारे, बायका, छत्र्यांचं पाणी, कोणाच्या हातात कोयता तसाच राहिलेला, तो सीटखाली सरकवायला सांगितला. तिने प्रत्येकाचं कार्ड बघितलं. आज प्रत्येक एक जूनला गाडीभर आरोळी उठत होती, "अजून एक!" आणि तिला वाटलं, नऊ वर्षं ही माणसं आपण वरखाली नेली, पण एवढी भारी फेरी कधी मारली नव्हती. तिने दोरी दोनदा ओढली.

"भरली काय?" भागोजीने आरशातून विचारलं.

"भरली. जपून न्या."

पोलादपूरच्या ठाण्यात ड्युटीवरचा हवालदार उठून उभाच राहिला. "काय हो, मोर्चा आहे का? परवानगी कुठाय?"

"मोर्चा नाय," गीताबाई म्हणाली. "सावड हाय."

शर्मिलाला पुढे महाडची फेरी होती, तिला थांबता आलं नाही. जे झालं ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. साहेबांनी श्रीपतबाबांना नोंद न केल्याबद्दल चांगलं सुनावलं, आणि बाबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. दोघांचे जबाब झाले. त्यांच्या गावच्या ठाण्याला पत्र गेलं. उत्तर येईपर्यंत वाडी सोडायची नाही, अशी ताकीद मिळाली. त्याखाली सोळा सह्या आणि आंगठे होते, आणि सतरावी सही मुरारीची, कारण त्याच्या घरातून आधीच त्याचा भाऊ आला होता.

*

उत्तराला तेवीस दिवस लागले. भात पोटरीला आलं होतं, गणपती होऊन गेले होते. त्या दिवसांत शर्मिलाने ना भागोजीपाशी तो विषय काढला ना मुरारीकडे. भोकरवाडीच्या थांब्यावर दार उघडताना मात्र तिची नजर आधी रस्त्याच्या कडेला जायची.

दुपारच्या फेरीला पोलादपूर स्टँडवर गाडी लागली होती. ती खाली तोंड करून मशीनमध्ये नवं रीळ घालत होती. गर्दीतून कोणीतरी चढलं आणि मागून आवाज आला, "काय गो बाय, उभ्यानं पाय मोडत असतील."

वर न बघताच शर्मिलाचं बोट वळलं. भोकरवाडी. गीताबाई आलीय म्हणून तिने डोकं वर केलं, आणि समोर जोस्ना होती.

जोस्नाने आधी तिच्या हातात तवशाचं अर्धुक ठेवलं. मग ब्लाऊजमधून प्लास्टिकची पिशवी काढली, घड्या उलगडल्या आणि एक कागद पुढे धरला. शिक्का होता, सही होती, सीमेच्या अलीकडच्या, नदीकाठच्या कुठल्याशा ठाण्याचं नाव होतं. दोघंही तिथलेच, नावं मतदार यादीत, घर नदीत गेल्याची पंचायतीत नोंद.

बघायची तशी काही गरज नव्हती. तिकीट साधं होतं. पण शर्मिलाने कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला, सगळ्यांचा बघते तसा. जोस्ना ताठ उभी राहून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"बरोबर आहे," शर्मिला म्हणाली आणि कागद परत त्याच घड्यांत घालून दिला. "पाण्यापासून जप हा. माळ्यावर ठेव, ट्रंकेत नको."

"हाय ठाऊक," जोस्ना म्हणाली. टुनीला तिने खिडकीशी बसवलं, आणि मग डोळे बारीक करून, ओठ दाबून, मुद्दाम, गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "दिदी, एकटा भोकरवाडी."

"एकटा कोण गो?" मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडलं, आणि सगळ्या बायका हसल्या, जोस्ना सगळ्यांत मोठ्याने.

टुनी पाच वर्षांच्या आतली, तिला तिकीट लागत नाही. पण तिने हात पुढे केलेला होता. शर्मिलाने जुन्या रिळाचं शेपूट तोडलं, दीक्षासाठी ठेवलेलं, त्याचे दोन भाग केले आणि एक तिच्या मुठीत दिला.

मग तिने दोरी ओढली. दोनदा.